सोलापुरात स्विफ्टच्या डिकीत १२ इंची सबवूफर (खालच्या सुरांचा मोठा स्पीकर, म्हणजे सब) आणि ॲम्प (ॲम्प्लिफायर) बसवायचा आहे; आधी काय काय ठरवावं?

तुमची गाडी २०१९ ची स्विफ्ट, स्क्रीन कंपनीचाच. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: दुकानदार दाखवतोय तो '३००० वॉट'चा ॲम्प घ्यावा का, सोबतचं ८ गेजचं वायरिंग किट चालेल का, आणि पेटी तयार घ्यावी की करून घ्यावी. माझं म्हणणं असं की खरेदीचा क्रमच उलटा करा. आधी वॉट ठरवा, त्यावरून अँपिअर काढा, अँपिअरवरून वायर आणि फ्यूज ठरवा, आणि पेटी डिकीत नेमकी कुठं बसेल ते बघा. सब आणि ॲम्प शेवटी घ्या. एकूण बजेटचा चौथा हिस्सा वायर, फ्यूज आणि पेटीसाठी बाजूला काढून ठेवा. तो वाचवला की बाकीचे पैसे पाण्यात जातात.

खोक्यावरच्या ३००० कडे बघूच नका. ॲम्पच्या कडेला खोचलेले फ्यूज बघा. समजा २० अँपिअरचे दोन आहेत, म्हणजे एकूण ४०. ४० गुणिले १३.८ व्होल्ट म्हणजे ५५२ वॉट आत जाणार. ॲम्पचा प्रकार क्लास डी असेल तर त्यातले साधारण ८० टक्के बाहेर येतात, म्हणजे ४४० वॉट. क्लास एबी असेल तर ६० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ३३० च्या घरात. याच्यापेक्षा जास्त तो ॲम्प सतत देऊच शकत नाही, खोक्यावर काहीही छापलेलं असो. हा हिशोब दुकानात उभ्या उभ्या होतो. आणि आरएमएस वॉट, म्हणजे सतत मिळणारे वॉट, किती ओहमला दिलेत तेही वाचा. २ ओहमला ५०० देणारा ॲम्प ४ ओहमला ३०० च देत असतो.

स्विफ्टसारख्या बंद केबिनमध्ये १२ इंची सबला ३०० वॉट आरएमएस भरपूर झाले. ३०० भागिले ०.८ भागिले १३.८ म्हणजे २७ अँपिअर. हा पूर्ण जोरावरचा आकडा आहे. गाणं चालू असताना सरासरी त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढीच पडते. इंजिन फिरत असताना अल्टरनेटर हे पेलतो. प्रश्न येतो तो मे महिन्यात सात रस्त्याच्या सिग्नलला: एसी चालू, रेडिएटरचा पंखा चालू आणि इंजिन आयडलवर. आयडलला अल्टरनेटर त्याच्या पूर्ण क्षमतेच्या बराच खाली असतो, म्हणून ठेक्याबरोबर हेडलाइट मंद होतात. त्यावर दुकानात कपॅसिटर सुचवतात. कपॅसिटर वीज तयार करत नाही, क्षणभराचा खड्डा तेवढा भरतो. ३०० वॉटला त्याची गरज नाही. बॅटरी चार वर्षं जुनी असेल तर तेच पैसे बॅटरीत घाला.

आता वायर. ८ गेज म्हणजे साधारण ८.४ चौरस मिलिमीटर. खरं तांबं असेल तर ५ मीटरला २७ अँपिअरवर व्होल्टेज पाव व्होल्टपेक्षा किंचित जास्त पडतं, चालून जाईल. पण स्वस्त किटातली वायर बहुतेक वेळा तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असते, आणि जाडी दिसते ती बरीचशी वरच्या प्लास्टिकचीच असते. टोकाची एक तार काढून ब्लेडनं खरवडा. आतून चंदेरी निघाली की परत करा. मी असतो तर १६ चौरस मिलिमीटरची मल्टिस्ट्रँड तांब्याची लवचिक केबल घेतली असती, तिच्यात ही घट ०.१६ व्होल्टवर येते. कार ऑडिओच्या दुकानात चांगली मिळाली नाही तर इलेक्ट्रिकलच्या दुकानात तांब्याची वेल्डिंग केबल मागा, एचओएफआर इन्सुलेशनची. ती उष्णता आणि तेल दोन्ही सहन करते. तीही ॲल्युमिनियममध्ये येते, तेव्हा ब्लेड तिथंही चालवा. पाच मीटर लाल आणि अर्धा मीटर काळी पुरते. दोन्ही टोकांना थिंबल (बोल्टखाली धरायची धातूची टोपी) लावून ते क्रिम्पिंग टूलनं दाबून घ्या. पकडीनं चेपलेलं थिंबल काही महिन्यांत सैल होतं, गरम होतं आणि काळं पडतं.

फ्यूज कशासाठी, याबद्दल बऱ्याच जणांचा गैरसमज आहे. बॅटरीजवळचा फ्यूज ॲम्पला वाचवायला नसतो, वायरला वाचवायला असतो. ॲम्पचा फ्यूज ॲम्पच्या अंगावर असतोच. बॅटरीपासून डिकीपर्यंतच्या पाच मीटरमध्ये लाल वायर कुठंही सोलली आणि पत्र्याला टेकली, तर बॅटरी त्यातून शेकडो अँपिअर ओतते. वायर लालबुंद होते आणि कार्पेट पेटतं. म्हणून ४० अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून ४५ सेंटिमीटरच्या आत, शक्यतो त्याहून जवळ. ॲम्पवरच्या फ्यूजची बेरीज ४० पेक्षा कमी असेल तर तेवढ्याचाच. फ्यूज डिकीत बसवलेला असेल, तर त्याच्या अलीकडची सगळी वायर उघडीच आहे असं धरा.

वायर इंजिनच्या बाजूनं आत घेताना कंपनीचं रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसवलेलं कडं) असतं त्यातूनच घ्या. नवीन भोक पाडलंच तर त्याला ग्रोमेट हवंच; पत्र्याची कड रोजच्या थरथरीनं इन्सुलेशन कापत जाते. बॉनेटखाली वायरला कोरुगेटेड पाइप चढवा. आत दाराच्या उंबऱ्याच्या प्लास्टिक पट्टीखालून, मागच्या सीटखालून डिकीत. स्क्रीनकडून ॲम्पला सिग्नल नेणारी आरसीए केबल गाडीच्या दुसऱ्या बाजूनं न्या. दोन्ही शेजारी शेजारी नेल्या की ॲक्सिलरेटरबरोबर चढणारी शिटी स्पीकरमधून यायला लागते. मागच्या सीटखाली पेट्रोलची टाकी आहे, हे विसरून तिथं किंवा डिकीच्या तळात स्क्रू मारू नका. खाली वाकून बघितल्याशिवाय ड्रिल लावायचंच नाही. कुणी हे सीएनजी गाडीसाठी वाचत असेल तर सिलिंडर, त्याचे ब्रॅकेट आणि पाइप यांच्या आसपास ड्रिल नको आणि पेटीही टेकवायला नको. तिथं सीटखालचा छोटा ॲक्टिव्ह सब (ॲम्प आतच असलेला) हाच मार्ग.

अर्थिंगला मिस्त्री सगळ्यात कमी वेळ देतात, आणि निम्म्या तक्रारी तिथूनच येतात. डिकीतला बॉडीला वेल्ड असलेला जाड पत्रा शोधा. रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवरचा रंग पॉलिश पेपरनं घासून चकचकीत पत्रा काढा, एम८ बोल्ट, स्टार वॉशर, थिंबल, घट्ट आवळा आणि वरून ग्रीस किंवा प्रायमर लावा, म्हणजे गंज धरत नाही. सीटबेल्टचा बोल्ट यासाठी वापरू नका. अर्थची वायर लाल वायरच्याच जाडीची हवी. ज्या गाड्यांत बॅटरीच्या मायनसवर सेन्सर बसवलेला असतो, तिथं अर्थ थेट मायनसच्या खांबाला न लावता बॉडीलाच घ्यायचा, नाहीतर सेन्सरचा हिशोब चुकतो.

कंपनीच्या स्क्रीनला सबसाठी आरसीए आउटपुट नसेल तर हाय लेव्हल इनपुट असलेला ॲम्प घ्या आणि मागच्या स्पीकरच्या वायरींवरून सिग्नल द्या. स्क्रीनमागे मूळ वायर कापण्यापेक्षा मध्ये लावायचा कपलर घ्या. ॲम्प चालू-बंद करणारी रिमोटची वायर ॲक्सेसरीच्या फ्यूजवरून (किल्ली फिरवल्यावरच जिथं वीज येते) फ्यूज टॅप लावून घ्या, एक-दोन अँपिअरचा फ्यूज घालून. ती कायम १२ व्होल्ट असलेल्या ठिकाणी जोडली तर ॲम्प रात्रभर जागा राहतो आणि एक-दोन दिवसांत गाडी सेल्फ मारत नाही.

सब ड्युअल कॉइलचा, म्हणजे आत तारेच्या दोन गुंडाळ्या असलेला, असतो तेव्हा ओहमचं गणित आधी करा. ४ ओहमच्या दोन कॉइल पॅरलल जोडल्या की २, सिरीजमध्ये ८. २ ओहमच्या दोन पॅरलल जोडल्या की १, सिरीजमध्ये ४. तुमचा ॲम्प २ ओहमपर्यंतच चालणारा असेल तर '४+४' चा सब घ्या आणि पॅरलल जोडा. '२+२' पॅरलल केला की ॲम्प प्रोटेक्टमध्ये जाईल, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडेल, किंवा जळेल. आणि एक कॉइल मोकळी सोडायची नाही.

पेटीवर जरा जास्त बोलतो, कारण आवाज निम्मा तिथंच ठरतो. बंद पेटी घ्या. पोर्टवाली (हवेसाठी नळी ठेवलेली) त्याच वॉटमध्ये जोरात वाजते, पण १२ इंचीला पावणेदोन ते दोन घनफूट मागते, पोर्टची लांबी चुकली की सगळंच चुकतं, आणि अगदी खालचे सूर अडवणारा सबसॉनिक फिल्टर नसेल तर सबचा कोन (पुढचा पडदा) हवेत झोके घेत फाटतो. बंद पेटी सव्वा घनफुटाच्या आत मावते, थोडीफार चूक पोटात घालते, आणि तबल्याच्या डग्ग्याचं घुमणं आणि बास गिटार वेगवेगळं ऐकू येतं. डीजेचाच दणका हवा असेल तर पोर्ट घ्या, पण डिकी विसरा.

माप असं: बाहेरून १८ इंच रुंद, १४ उंच, १२ खोल, १८ मिलिमीटर एमडीएफमध्ये. आतून होतात साधारण १६.६ गुणिले १२.६ गुणिले १०.६ इंच, म्हणजे १.२८ घनफूट. सबचं चुंबक आणि बास्केट ०.१ खाते, उरतात १.१८. सीटची पाठ तिरकी असते, म्हणून खोली वर १० आणि खाली १४ ठेवली तर आकारमान तेवढंच राहून पेटी सीटला चिकटून बसते. सबच्या कागदावर याहून वेगळा आकडा असेल तर कागदाचं ऐका. भोकाचं मापही तिथूनच घ्या, आणि चुंबकाच्या मागं किमान २ इंच हवा राहू द्या.

लाकूड कापण्याआधी याच मापाचं पुठ्ठ्याचं खोकं करा आणि चार दिवस डिकीत ठेवून गाडी वापरा. स्विफ्टची डिकी २६८ लिटरची, पेटी बाहेरून जवळजवळ ५०. भाजीच्या पिशव्या बसतात का, पार्सल ट्रे लागतो का, डिकीच्या उंच ओठावरून पेटी आत जाते का, आणि मुख्य म्हणजे स्टेपनी निघते का. रात्री तुळजापूरच्या रस्त्याला टायर बसला तर पेटी मिनिटभरात बाहेर आली पाहिजे. म्हणून सबच्या वायरला प्लग लावा आणि पेटीला हँडल.

एमडीएफची अर्धी शीट पुरते. पुढची फळी बाहेरून दुहेरी करा. सांध्याला फेव्हिकॉल, दर चार-पाच इंचांवर स्क्रू (आधी बारीक भोक पाडून, नाहीतर एमडीएफ कडेला फाटतं) आणि आतून सिलिकॉन. सिलिकॉन लावल्यावर २४ तास पेटी उघडी राहू द्या. त्याची आंबट वाफ सबच्या कडेचं रबर किंवा फोम खराब करू शकते. आत उशीत भरतात तो पॉलिएस्टर ३०० ग्रॅमच्या आसपास मोकळा करून टाका. कापूस नको, तो दबून गोळा होतो. सब बसवल्यावर हळू आवाजात ४० हर्ट्झचा टोन लावा आणि पेटलेली उदबत्ती सांध्यांजवळून फिरवा. धूर जिथं थरथरतो तिथं पेटी गळतेय. तयार पेटीच घ्यायची असेल तर बोटाच्या पेरानं वाजवून बघा. पोकळ वाजली तर फळी पातळ आहे, सोडून द्या.

सबसकट ही पेटी २० किलोच्या पुढं जाते. अचानक ब्रेक लागला की ती मागच्या सीटवर आदळणार, म्हणून रॅचेट पट्ट्यानं डिकीत घट्ट बांधा. सबचं तोंड डिकीच्या दाराकडं. ॲम्प पेटीवर स्क्रूनं बसवू नका, थरथरीनं आतले सांधे सुटतात. पार्सल ट्रेखाली उलटाही टांगू नका. डिकीच्या बाजूला छोट्या फळीवर, चारी बाजूंनी ५ सेंटिमीटर मोकळी जागा ठेवून बसवा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं बाहेरच चाळिशी पार असते. उन्हात उभ्या गाडीत ॲम्प सुरू व्हायच्या आधीच तापलेला असतो. आणि डिकीतल्या सामानाला धूळ नको म्हणून वर चादर टाकायची सवय असते, ती ॲम्पवर मात्र पडू देऊ नका. सोलापुरी चादर जाड असते, अर्ध्या तासात थर्मल प्रोटेक्ट लागतं.

काम सुरू करताना बॅटरीचा मायनस काढा आणि मुख्य फ्यूज अगदी शेवटी घाला. मग गेन (आलेला सिग्नल ॲम्पनं किती वाढवायचा ते ठरवणारा नॉब) लावायला सबची वायर सोडवून ठेवा, बास बूस्ट शून्य, स्क्रीनवर बास-ट्रेबल मध्यावर, आवाज पाऊणवर, ५० हर्ट्झचा टोन, आणि मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून ॲम्पच्या आउटपुटला. वॉट गुणिले ओहम यांचं वर्गमूळ हे तुमचं लक्ष्य: ३०० गुणिले २ म्हणजे ६००, वर्गमूळ २४.५ व्होल्ट. तिथं गेन थांबवा. गेन हा आवाजाचा नॉब नाही. पुढं ढकलला की लहर सपाट कापली जाते आणि व्हॉइस कॉइल जळते, आधी वास येतो. लो पास ८० हर्ट्झ, म्हणजे त्यावरचे सूर सबला जात नाहीत. फेज (सब बाकीच्या स्पीकरबरोबर हलतो की उलटा ते ठरवणारं बटण) ० आणि १८० दोन्ही करून ड्रायव्हरच्या सीटवर जिथं बास भरीव लागतो ते ठेवा. मग सबची पातळी इतकी कमी करा की बास मागून येतोय हे कळू नये.

नंतर काही बिघडलं तर लावल्या लावल्या प्रोटेक्टचा लाल दिवा लागतोय म्हणजे एखादी तार शेजारच्या टर्मिनलला टेकलीय किंवा ओहम चुकलेत. वीस मिनिटांनी लागतोय म्हणजे उष्णता. शिटी येतेय म्हणजे आधी अर्थ, मग आरसीए. ठोक्याला आवाज दबतोय तर गाणं चालू ठेवून बॅटरीवर आणि ॲम्पवर व्होल्ट मोजा. फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आला तर कुठलं तरी थिंबल सैल आहे. आणि खडखड येतेय ती सबची समजून पेटी उघडू नका, आधी नंबर प्लेटमागं फोम टेप लावून बघा.