६५० अंशांवर व्होल्ट जातात कुठे?

प्रश्न : पदव्युत्तर प्रकल्पासाठी गॅडोलिनियम मिसळलेल्या सिरियाचा (सिरियम ऑक्साइडचा) पेलेट, म्हणजे दाबून भाजलेली चकती, करून मी इंधन घट जोडला आहे. एका बाजूला हायड्रोजन, दुसऱ्या बाजूला हवा. गणिताप्रमाणे ६५० अंश सेल्सिअसला, भार न जोडता, सुमारे १.१ व्होल्ट दिसायला हवेत. मला ०.८ च्या आसपासच दिसतात. सील गळतंय का? की पदार्थच बदलू?

उत्तर : पदार्थ इतक्यात बदलू नका. गळतोय तो वायू की इलेक्ट्रॉन, ते आधी ठरवा. भट्टी टप्प्याटप्प्याने ५०० अंशांपर्यंत उतरवा आणि दर टप्प्याला आकडा स्थिर होऊ द्या. गणितातला आकडाही उतरत्या तापमानात चढतो, पण काही शतांश व्होल्टच. तुमचा आकडा त्याहून बराच जास्त चढून ०.९ पलीकडे गेला, तर सील बहुधा ठीक आहे आणि दोष सिरियाच्या स्वभावात आहे. सील गळत असेल किंवा पेलेटला भेग असेल, तर नुसतं तापमान उतरवून एवढी सुधारणा होत नाही. ही चाचणी मला फार आवडते. तिला नवं उपकरण लागत नाही.

आता आत काय घडतं ते पाहा. सिरियम चार धनभारांचा, गॅडोलिनियम तीन. दोन गॅडोलिनियम घुसले की ऑक्सिजनची एक जागा रिकामी राहते आणि अशा रिकाम्या जागांमधून ऑक्साइड आयन उड्या मारत जातात. हे हवंच आहे. पण हायड्रोजनच्या बाजूला सिरियाच्या स्फटिकजाळीतलाच ऑक्सिजन पाणी होऊन निघून जातो, मागे दोन इलेक्ट्रॉन ठेवून. ते सिरियमवर बसतात, त्याचा भार चारवरून तीनवर येतो, आणि एका सिरियमवरून दुसऱ्यावर सरकत ते पेलेट पार करतात. बाहेरची तार तोडलेली असली तरी आत प्रवाह चालू, इंधन फुकट खर्च.

हा बदल डोळ्यांनी दिसतो. हायड्रोजनमध्येच गार केलेला पेलेट बाहेर काढा : फिकट पिवळा गेला होता, काळपट निळा झालेला दिसेल. हवेत तापवला की पुन्हा उजळतो. मात्र तीन भारांचा सिरियम आकाराने मोठा असतो, त्यामुळे ती बाजू फुगते, पेलेट वाकतो, तडकतो. म्हणून ७०० अंशांच्या वर हायड्रोजनमध्ये तो तासन्‌तास ठेवू नका.

मग सिरियाचा आग्रह कशाला? यिट्रिया मिसळलेला झिर्कोनिया (झिर्कोनियम ऑक्साइड) इलेक्ट्रॉन अडवण्यात पक्का, पण १००० अंशांना सेंटिमीटरमागे ०.१ सीमेन्सच्या आसपास असलेली त्याची वाहकता ६०० ला काही सहस्रांशांवर येते. सिरिया तिथे कितीतरी पट पुढे आहे. माझं मत विचाराल तर सिरियाच ठेवा आणि घट ५०० ते ५५० अंशांना चालवा. इंधनाच्या बाजूला झिर्कोनियाचा पातळ थर देता येतो, पण दोन्ही एकत्र १३०० अंशांच्या वर भाजले तर एकमेकांत विरघळून मधे वाईट वाहकतेचा पट्टा तयार होतो. थर कमी तापमानालाच बसवावा लागेल. १९९४ मध्ये पुढे आलेला लँथॅनम गॅलेट हा तिसरा पदार्थ इलेक्ट्रॉन आरपार जाऊ देत नाही, पण इंधनाच्या बाजूच्या इलेक्ट्रोडमधल्या निकेलशी त्याचं पटत नाही. मधे थर द्यावा लागतो तो पुन्हा सिरियाचाच!

संशोधनपत्रांत वाहकतेचा आलेख पहिल्या पानावर असतो. आधी पाहावं ते हे, की हायड्रोजन आणि हवा यांच्यामध्ये उभं राहून तो पदार्थ काय अडवतो.

प्रश्न : त्याऐवजी प्रोटॉन वाहणारं बेरियम झिर्कोनेट घेतलं तर?

उत्तर : चांगला रस्ता आहे, जपानी संशोधक इवाहारा यांच्या १९८१ मधल्या कामापासून सुरू झालेला. पाणी हवेच्या बाजूला तयार होतं, म्हणून इंधन पातळ होत नाही. बेरियम सिरेट सोपं वाटेल, पण कार्बन डायऑक्साइड दिसला की त्याचा कार्बोनेट होतो. झिर्कोनेट टिकतं, पण कणांच्या सीमांवर प्रोटॉन अडतात आणि घट्ट भाजायला १६०० अंशांच्या वर जावं लागतं. थोडा निकेल ऑक्साइड मिसळला तर हे तापमान बरंच उतरतं. भाजताना पेलेट त्याच रचनेच्या पावडरीत पुरून ठेवा, नाहीतर बेरियम उडून जाईल.