शाळा सोडून प्लॉट विकू का?

प्रश्न: नागपुरात एका विनाअनुदानित विशेष शाळेत दहा वर्षं शिकवते आहे. हाती पगार २६,००० रुपये. यजमान खासगी कंपनीत, पगार ४८,०००. गृहकर्जाचा हप्ता २१,०००, घरखर्च ३७,०००, एक मुलगी. शिल्लक ४ लाख २० हजार. मावसभावाचं बेसा भागात प्लॉट-फ्लॅट विकण्याचं काम आहे. रविवारी मीही साइट दाखवायला जाते. १४ महिन्यांत तीन सौदे झाले. ३१,०००, १८,००० आणि ४६,००० अशी दलाली मिळाली, शेवटची रोख. भाऊ म्हणतो, शाळा सोड, तिप्पट कमावशील. आणि नव्या ले-आउटमध्ये ३ लाख टाक, भागीदार करून घेतो. काय करू?

उत्तर: शाळा सोडू नका, आणि तीन लाख तर मुळीच देऊ नका. दलालीचं काम बंद करा असं मात्र मी म्हणणार नाही.

आधी भावाची ‘तिप्पट’ पाहू. तिन्ही सौद्यांचे मिळून ९५,००० झाले. म्हणजे महिन्याला पावणेसात हजारांच्या आसपास. त्याची तिप्पट वीस हजार. पगारापेक्षा सहा हजार कमीच, आणि वर्धा रोडच्या फेऱ्यांचं पेट्रोल त्यातूनच जायचं. शिवाय ही सरासरी आहे. पितृपक्षात कोणी बयाणा देत नाही, मे महिन्याच्या उन्हात दुपारी साइट बघायला कोणी निघत नाही. दसरा-पाडव्याला गर्दी होते, पण बँक हप्ता दर महिन्याला कापते. आज तुमचे महिन्याला १६,००० उरतात. तुमचा पगार थांबला की १०,००० कमी पडतील. तो खड्डा दलालीने दर महिन्याला बुजवावा लागेल, त्यानंतर कमाई सुरू.

आता ले-आउट. आपल्याकडे ‘आरएल (रिलीज लेटर, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचं पत्र) होऊन जाईल’ या एका वाक्यावर किती प्लॉट विकले गेले, ते नागपूरकरांना सांगायला नको. भावाकडून तीन कागद मागा: जमीन बिगरशेती (एनए) झाल्याचा कागद, एनएमआरडीएची (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची) मंजुरी आणि महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाचा, प्रकल्प क्रमांक. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरच्या प्लॉटिंगलाही रेरा नोंदणी लागते, आणि नोंदणी नसलेला प्रकल्प एजंटने विकायचा नसतो. ‘भागीदार करतो’ हे तोंडी आहे की करारनाम्यावर? तोंडी असेल तर ते हातउसनेच, नातं बिघडवणारं. शिवाय हा तुमचा अडीअडचणीचा पैसा. सहा महिन्यांचा खर्चच ३ लाख ४८ हजार होतो.

स्वतःच्या नोंदणीचंही बघा. महाराष्ट्रात एजंटला प्रशिक्षण आणि परीक्षा देऊन सक्षमता प्रमाणपत्र घ्यावं लागतं. वैयक्तिक नोंदणीचं शुल्क दहा हजार, मुदत पाच वर्षं. विनानोंदणी काम केल्यास दंड दिवसाला दहा हजार, मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत. ‘माझ्या नोंदणी नंबरवर चालतं’ असं भाऊ म्हणेल. तेवढ्यावर विसंबू नका. शाळेचं नेमणूकपत्रही काढून वाचा. दुसरं काम करायला परवानगी लागते, असं त्यात असेल तर ती लेखी घ्या.

तुम्ही न विचारलेली एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. पूर्णवेळ दलाल झालात की पहिलं गिऱ्हाईक कोण? तुमच्या विद्यार्थ्यांचे आईबाप. ‘आमच्यानंतर लेकराचं काय’ या धास्तीने ते मुलाच्या नावावर प्लॉट घ्यायला तयारच असतात, आणि मॅडम सांगतात म्हटल्यावर सातबाराही बघणार नाहीत. मुलगा बौद्धिक दिव्यांग असेल, तर अठरा वर्षांनंतर त्याच्या नावावरची मालमत्ता सांभाळायला वा विकायला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडून कायदेशीर पालक नेमून घ्यावा लागतो. त्याचा कायदा १९९९चा आहे. अशा घराला बहुधा प्लॉटपेक्षा हाताशी राहणारा पैसा आणि चांगला आरोग्य विमा जास्त कामाचा. त्यांना हे सांगणारी व्यक्ती तुम्ही आहात. त्याच व्यवहारावर तुमची दलाली असेल, तर तुम्ही ते सांगाल का? म्हणून शाळेतल्या पालकांशी एकही सौदा नको. त्यांनी आपणहून विचारलं तरी नाही.

कराचं थोडक्यात. रोख मिळालेले ४६,००० हेही उत्पन्नच, विवरणपत्रात दाखवा. यापुढे दलाली खात्यातच घ्या. भाऊ नियमाने टीडीएस कापत असेल तर दर २ टक्के आहे. तुमच्या एकूण उत्पन्नावर कर बसणार नाही, तेव्हा कापलेला परत मिळेल. दुकानदारांसाठी असलेली ठोक नफ्याची सोपी योजना दलालीला चालत नाही. खर्चाचा हिशेब ठेवावा लागतो, पेट्रोलच्या पावत्यांसकट.

जोडउत्पन्नच हवं असेल, तर तुमच्या हातात त्याहून सोपं काही आहे. दुसऱ्या शाळेतल्या मुलांचे घरी सेशन घ्या. तासाला ४०० रुपये धरले, आठवड्याला तीन तास, तरी महिन्याला ४,८०० झाले. पेट्रोल वजा जाता रविवारच्या दलालीइतकेच, आणि रविवार मुलीसाठी मोकळा. तुमच्या पेशाला मागणीही वाढते आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर केंद्र सरकारने २०२२ मध्ये प्राथमिक स्तरावर दहा, उच्च प्राथमिकला पंधरा विशेष मुलांमागे एक विशेष शिक्षक, असं प्रमाण ठरवून दिलं. जागा निघतील तेव्हा अर्जाला आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी चालू हवी. दर पाच वर्षांनी तिचं नूतनीकरण असतं, सीआरईचे, म्हणजे सेवेतल्या प्रशिक्षणाचे, गुण भरावे लागतात. प्लॉट दाखवण्याच्या नादात तेच राहून जाईल.

माझं मत बदलेल ते एका आकड्यावर. पुढच्या बारा महिन्यांत खर्च वजा जाता दलाली सरासरी २६,००० च्या वर गेली, सगळी बँकेतून आली आणि साडेतीन लाख मुदत ठेवीत जसेच्या तसे असले, तर शाळेत अर्धवेळ करण्याबद्दल बोलू. तोवर भावाकडून ते तीन कागद आणा. टाळाटाळ झाली तर त्या ले-आउटचे प्लॉट दाखवणंही थांबवा. गिऱ्हाइकाने बयाणा दिल्यावर फोन तुम्हालाच येणार आहे.