एअर फिल्टर बदलल्याने ट्रकचं अ‍ॅव्हरेज वाढतं का?

भाऊ, तुमचा प्रश्न असा आहे: दहा टायरची गाडी भरतीवर लिटरला साडेचार किलोमीटर देत होती, चार-पाच महिन्यांत पावणेचारवर आली. मिस्त्री म्हणतो एअर फिल्टर चोक झालाय, नवा टाका. तर फिल्टरने एवढा फरक पडतो का, आणि हवा मारून तोच फिल्टर किती दिवस चालवायचा?

मी बारा वर्षं स्टिअरिंगवर काढली, आता परळी-अंबाजोगाई पट्ट्यात माझ्या दोन गाड्या चालतात. एक थर्मल वीज केंद्राच्या राखेवर, दुसरी हंगामात उसावर आणि एरवी मिळेल त्या भाड्यावर. दोन्ही कामं धुळीची, त्यामुळे फिल्टरशी माझा रोजचा संबंध.

आधी हिशोब बघा. साडेचारवरून पावणेचार म्हणजे सहावा हिस्सा गेला. एवढं डिझेल एकटा चोक फिल्टर खात नाही. तो खातो ते दोन-चार टक्क्यांतलं. माझ्या वहीत फुल टाकी ते फुल टाकी मोजून, अगदी काळाकुट्ट झालेला फिल्टर बदलल्यावर, ३.९ चे ४.० झालेत. त्यापुढे कधी गेलं नाही.

कारण समजून घ्या. एक लिटर डिझेल नीट जळायला साधारण दहा हजार लिटर हवा लागते, आणि डिझेल इंजिन त्याहून बरीच जास्त हवा घेऊन चालतं. सहा लिटरचं इंजिन दीड हजार आरपीएमवर नुसतं फिरलं तरी मिनिटाला साडेचार हजार लिटर हवा ओढतं, लोडवर टर्बो (हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा) भरला की जवळपास दुप्पट. म्हणजे हवा मुळातच वर उरते. फिल्टर थोडा भरला तरी टर्बो जोर लावून ती ओढून घेतो आणि तुम्हाला कळतही नाही. कळतं ते घाटात. मांजरसुंब्याचा घाट जिथे चौथ्या गिअरात चढायची, तिथे गाडी तिसरा मागते, ड्रायव्हर पाय पूर्ण दाबून ठेवतो. जुन्या पंपाच्या गाडीत डिझेल तेवढंच पडतं आणि हवा कमी, म्हणून मागून काळा धूर. तो धूर म्हणजे न जळलेलं तुमचं डिझेल. सेन्सरवाल्या गाडीत ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, हवा कमी बघून डिझेलच कमी करतो, म्हणून धूर फार दिसत नाही पण गाडी ओढत नाही. एप्रिल २०२० नंतरची बीएस-६ असेल तर काजळी सायलेन्सरमधल्या डीपीएफमध्ये, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये, साचते आणि ती जाळायला गाडी परत जास्तीचं डिझेल टाकते. तिथे गेलेलं डिझेल फिल्टरच्या नावावर कुणी लिहीत नाही, पण जातं.

नेटवर फिल्टर बदलून इतके टक्के वाचवा असं लिहिलेलं असतं, त्यातलं बरंचसं जुन्या कार्ब्युरेटरच्या पेट्रोल गाड्यांवरून आलंय. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेने २००९ मध्ये पेट्रोल इंजेक्शनच्या गाड्या तपासल्या, तेव्हा चोक फिल्टरने अ‍ॅव्हरेज जवळजवळ हललं नाही, पिकअप मात्र पडला. आपल्या डिझेलचं गणित वेगळं आहे, पण फिल्टरकडून चमत्काराची अपेक्षा करू नका एवढं त्यातूनही दिसतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, हवा मारण्याचा. माझ्या मते खरा धोका इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

चोक फिल्टर गाडीला दमवतो. फाटलेला फिल्टर इंजिन खातो. चार वर्षांपूर्वी राखेच्या गाडीचा फिल्टर माझा ड्रायव्हर दर दोन दिवसांनी काढायचा आणि पंक्चरच्या दुकानावर हवा मारून आणायचा. मीच सांगितलं होतं, स्वच्छ ठेव म्हणून. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरला एकशेवीस पौंडाची हवा असते. फिल्टरच्या कागदाला ती सोसत नाही. फिल्टर साफ करायला कंपन्या सांगतात तीस पौंडांच्या आतली हवा, तीही आतून बाहेर. बऱ्याच कंपन्या तर हवा मारूच नका म्हणतात. घडीच्या आतल्या टोकाला बारीक चीर पडली होती, दिवसाउजेडी कुणाच्या लक्षात येणार नाही अशी. सात-आठ महिन्यांत गाडी ऑइल खायला लागली, ब्रीदरमधून (इंजिनच्या खालच्या भागातला वायू बाहेर सोडणारी नळी) फकाफका धूर, आणि अ‍ॅव्हरेज तुमच्यासारखंच घसरलं. दोन फिल्टर बदलले, नोझल बघितले, काही फरक नाही. शेवटी इंजिन खोललं. मिस्त्रीने पिस्टनची जुनी रिंग नव्या लायनरमध्ये (पिस्टन ज्यात फिरतो ती नळी) बसवून दाखवली. नव्या रिंगच्या तोंडात फीलर गेजची पातळ पट्टी जेमतेम शिरते, माझ्या रिंगच्या तोंडात अंगठ्याचं नख आरपार गेलं. टर्बोच्या पंख्याच्या कडा पॉलिश मारल्यासारख्या गुळगुळीत झालेल्या. राखेत सिलिका असते, ती पॉलिश पेपरसारखंच काम करते. लायनर-पिस्टन, रिंगा, टर्बो मिळून खर्च दीड लाखाच्या वर गेला आणि गाडी अठरा दिवस उभी. इंजिन बांधल्यावर अ‍ॅव्हरेज परत चारच्या पुढे आलं.

म्हणजे अ‍ॅव्हरेज फिल्टरमुळेच गेलं होतं, पण चोक झाल्यामुळे नाही. धूळ आत गेली, कॉम्प्रेशन (पिस्टन हवा दाबतो तो दाब) गेलं, आणि कॉम्प्रेशन गेल्यावर डिझेल कितीही टाका, त्यातला जोर रिंगांच्या बाजूने खाली पळतो.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. कोरा फिल्टर धूळ सगळ्यात कमी अडवतो. कागदावर धुळीचा पातळ थर बसला की तोच थर बारीक धूळ अडवायला लागतो. रोज काढून झटकलात तर रोज तो थर घालवता, वर डब्याचं झाकण उघडताना धूळ आत सांडते, रबरी सीलही ढिलं पडतं. म्हणून विनाकारण उघडायचा नाही. डब्यावर किंवा डॅशबोर्डवर इंडिकेटर असतो, तो लाल झाला की उघडायचा. मोठ्या डिझेल इंजिनांना ती मर्यादा बहुधा २५ इंच पाण्याची असते. म्हणजे नळी लावून दोन फूट खोलवरचं पाणी तोंडाने ओढायला जेवढा जोर लागेल, तेवढा जोर इंजिनला हवा ओढायला लागतोय. इंडिकेटर तुटला असेल तर आधी तो बसवा, फिल्टरच्या मानाने तो स्वस्त आहे.

कागदी फिल्टर धुऊ नका, डिझेल-पेट्रोलने तर नाहीच. आत दुसरा लहान फिल्टर असतो, त्याला हवा मारायचीच नाही, मोठा तीनदा बदलला की तोही नवा टाकायचा. डब्याच्या खाली रबराची चोच असते, ती क्लीनरला रोज सकाळी दाबायला सांगा. राखेवर चालणाऱ्या गाडीत मूठभर राख तिथूनच पडते. ती चोच पावसाळ्यात चिखलाने बुजते किंवा कुणीतरी तोडून टाकतं, मग सगळा भार कागदावर येतो. उसाच्या फडात पाचट पेटवलेलं असेल तर काजळीने फिल्टर वजनाला हलकाच राहतो पण लवकर चोक होतो. तिथे डोळ्यांवर जाऊ नका, इंडिकेटर बघा.

तुमच्या गाडीचं म्हणाल तर उद्या सकाळी थंड इंजिनवर एक काम करा. फिल्टर आणि टर्बोच्या मधला होज काढा आणि आत बोट फिरवा. बोट स्वच्छ आलं तर फिल्टरची बाजू ठीक आहे. धूळ लागली, बोटं चोळल्यावर कच लागला, तर फिल्टर फाटलाय, सील बसत नाही किंवा होजला चीर आहे. रात्री अंधारात फिल्टरच्या आत बल्ब धरून फिरवा, टाचणीएवढा उजेडाचा ठिपका दिसला तरी तो फेकायचा. दोन-अडीच हजारांसाठी इंजिन पणाला लावू नका.

होज स्वच्छ निघाला तर टर्बोच्या पुढे बघा. टर्बो ते इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारा रेडिएटर) आणि तिथून इंजिनपर्यंतच्या पायपांची क्लिप ढिली असेल तर लोडवर शिट्टी ऐकू येते आणि जोडावर ऑइलचा ओला डाग असतो. ती गळती चोक फिल्टरपेक्षा जास्त डिझेल खाते. मग टायरची हवा, आणि कुठलं चाक गरम होतंय का ते. ब्रेक धरून राहिला असेल तर ड्रमला हात लावताच कळेल.

एक विचारायचं राहिलं: या चार-पाच महिन्यांत रूट किंवा माल बदलला का? आणि ऑइलची टॉप-अप किती लागते? होजमध्ये बोटाला काय लागलं तेही लिहा, पुढचं त्यावरून सांगतो.