अलंकारशास्त्र म्हणजे रेटरिक का?

प्रश्न असा आलाय: एमए संस्कृतला अलंकारशास्त्राचा स्पेशल पेपर होता, आता अमेरिकेत 'रेटरिक अँड रायटिंग'च्या पीएचडीला अप्लाय करायचंय, तर स्टेटमेंट ऑफ पर्पजमध्ये (का शिकायचंय ते सांगणारा अर्जासोबतचा निबंध) "मी रेटरिक शिकलेय" असं सरळ लिहिलं तर चालेल का, कारण डिक्शनरीत रेटरिकपुढे अलंकारशास्त्रच दिलंय.

माझं मत, नका लिहू. डिक्शनरी अगदीच खोटं बोलत नाहीये, पण अर्धवट सांगतेय.

ग्रीक-रोमन लोकांकडे रेटरिक म्हणजे समोरच्याला पटवायची विद्या, कोर्टात, सभेत, आणि त्याचे पाच भाग ठरलेले होते, काय बोलायचं ते शोधणं, त्याची मांडणी, मग भाषाशैली, मग पाठांतर आणि शेवटी प्रत्यक्ष सादर करणं. आता उपमा, उत्प्रेक्षा, रूपक हे सगळं कुठे बसतं बघा, फक्त तिसऱ्या भागात. आणि आपल्या शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत मार्क मिळतात ते बरेचसे पाचव्याचे (हातवारे आणि आवाज चढवणे, परीक्षक खूश). त्यामुळे अलंकारशास्त्र म्हणा नाहीतर वक्तृत्वशास्त्र म्हणा, दोन्ही शब्दांत मूळ विषयाचा एकेक तुकडाच येतो, आणि पहिला भाग, म्हणजे मुद्दा शोधायचा कसा, तो दोन्हीकडून निसटतो. नेमकं त्यावरच या प्रोग्रॅमवाल्यांचं जास्त प्रेम.

शिवाय भामह, दंडी, आनंदवर्धन, मम्मट ही अलंकारशास्त्राची मूळ ग्रंथकार मंडळी बोलतायत काव्याबद्दल. काव्याला काव्यपण कशाने येतं, अलंकाराने, रीतीने (शब्दांच्या रचनेने) की ध्वनीने (न सांगता सुचवलेल्या अर्थाने), हा त्यांचा वाद. कुणाला काही पटवायचंय म्हणून नाही. म्हणूनच संस्कृतचे पंडित पां. वा. काणेंनी या शास्त्राचा इंग्रजीत इतिहास लिहिला तेव्हा नावात 'संस्कृत पोएटिक्स' म्हणजे काव्यशास्त्र म्हटलं, रेटरिक नाही. तुम्हीही पोएटिक्सच लिहा. आणि मार्कशीटवर पेपरचं जे इंग्रजी नाव छापलंय त्याला हात लावू नका, ट्रान्सक्रिप्टमध्ये एक आणि स्टेटमेंटमध्ये दुसरं असं दिसलं की उगाच शंका येते.

मग आपल्याकडे रेटरिक नव्हतंच का? होतं की, पण वेगळ्या कपाटात! न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्राच्या जुन्या संस्कृत ग्रंथात, वाद, जल्प आणि वितंडा असे चर्चेचे तीन प्रकार आहेत, वाद सत्य शोधायला, जल्प जिंकायला, आणि वितंडा म्हणजे स्वतःची बाजू काही मांडायचीच नाही, समोरच्याची फक्त पाडायची (आपला वितंडवाद तो हाच, रोज रात्री टीव्हीवर असतो). त्याहून भारी म्हणजे चरकसंहितेचं, त्या आयुर्वेदाच्या ग्रंथाचं, विमानस्थान नावाचं प्रकरण. वैद्यांनी आपसात चर्चा कशी करायची ते तिथे सांगितलंय, मैत्रीची चर्चा ती संधाय संभाषा आणि भांडणाची ती विगृह्य, आणि पुढे चक्क श्रोत्यांचे प्रकार पाडलेत, परिषद (म्हणजे ऐकणारी सभा) जाणकार आहे की मूढ, आपल्या बाजूची, तटस्थ की विरोधात, आणि त्याप्रमाणे बोलायचं की गप्प बसायचं ते ठरवा. ऑडियन्स ऑडियन्स म्हणून तिकडे जे सतत चाललेलं असतं ते हेच. तुमचं संस्कृत चांगलं आहे तर स्टेटमेंटमध्ये हे आणा, 'कम्पॅरेटिव्ह रेटरिक' नावाची शाखाच आहे तिकडे, "मम्मट वाचून झालाय, आता विमानस्थानातली परिषद आणि ॲरिस्टॉटलचा श्रोता शेजारी ठेवून बघायचेत" असं काहीतरी लिहिलंत तर वाचणारा थांबेल. नुसतं "मला लहानपणापासून भाषेची आवड" लिहिलंत तर नाही थांबणार.

आता दुसरा शब्द, रायटिंग. हा जास्त फसवा आहे खरं तर. कथा-कविता लिहिणं नव्हे, त्याला क्रिएटिव्ह रायटिंग म्हणतात आणि त्याची डिग्री सहसा एमएफए (मास्टर ऑफ फाइन आर्ट्स). इथलं रायटिंग म्हणजे लोक लिहायला कसे शिकतात, कसं शिकवावं, ऑफिसात, लॅबमध्ये, कोर्टात लिहिणं कसं चालतं. याचं मूळ तिथल्या कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या कम्पोझिशन कोर्समध्ये आहे, हार्वर्डने 1885 मध्ये पहिल्या वर्षाला असा कोर्स सक्तीचा केला आणि मग तो देशभर पसरला. म्हणून त्या लोकांच्या तोंडी 'रेट-कॉम्प' (रेटरिक आणि कम्पोझिशन) असतं. पीएचडीवाल्यांना बहुतेक ठिकाणी हाच कोर्स शिकवायला लावतात आणि त्याबदल्यात फी माफ आणि स्टायपेंड, तेव्हा तुम्ही कुठे ट्यूशन घेतल्या असतील, मुलांचे निबंध तपासले असतील तर तेही लिहा, फुटकळ समजून गाळू नका. अर्थात सगळीकडे सारखं नाही, व्हर्जिनिया टेकच्या पीएचडीचं नावच रेटरिक अँड रायटिंग आहे पण बर्कलीचं रेटरिक डिपार्टमेंट थिअरीकडे झुकलेलं, तिथे निबंध तपासल्याचं फारसं कौतुक होईल असं वाटत नाही.

मराठीत एकच शब्द हवाच असेल तर मी रेटरिकच ठेवीन. 'वाक्शास्त्र' वगैरे बनवता येईल पण तो ऐकून कुणालाही स्पीच थेरपी वाटेल. घरी विचारलं तर "पटेल असं बोलायचं-लिहायचं शास्त्र" सांगा. आणि ते ऱ्हेटोरिक लिहू नका प्लीज, आघात पहिल्या अक्षरावर, रेटरिक. विशेषण झालं की मात्र आघात सरकतो, रिटॉरिकल.