मिस्टर म्हणतात, वकील एकच पुरे

पत्र: लग्नाला बारा वर्षं झाली. नाशिकचा फ्लॅट आणि त्यावरचं कर्ज दोघांच्या नावावर आहे. निम्मा हप्ता माझ्या पगारातून जातो. मिस्टरांच्या वर्कशॉपला तोटा झाल्यापासून घरात रोज कटकट. आता भावजींच्या ओळखीच्या वकिलांकडून त्यांनी करारनामा करून आणलाय. फ्लॅटवरचा हक्क मी सोडायचा आणि पुढेमागे वेगळं व्हायची वेळ आलीच तर पोटगी मागायची नाही. 500 च्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करणार आहेत. ‘दुसऱ्या वकिलांना दाखवू का?’ विचारलं, तर म्हणाले, ‘एवढा अविश्वास?’ काय करू?

उत्तर: ताई, तुमच्या स्वतःच्या वकिलाने तो कागद वाचेपर्यंत सही करू नका. कितीही घाई केली तरी नाही.

अशा करारासाठी नवरा-बायकोचे वकील वेगळे असलेच पाहिजेत, अशी सक्ती आपल्या कायद्यात नाही. पण हा मसुदा मिस्टरांच्या सांगण्यावरून लिहिलाय. त्यात तुमचं काय जातंय, हे तुम्हाला समजावणं त्या वकिलांचं काम नाही. ते कितीही सज्जन असले तरी.

तुमचं पत्र वाचताना मला सगळ्यात जास्त धास्ती वाटली ती कर्जाची. फ्लॅटवरचा हक्क सोडला म्हणून बँक तुम्हाला कर्जातून मोकळं करत नाही. सहकर्जदार म्हणून तुमचं नाव तसंच राहतं. उद्या हप्ते थकले तर वसुलीला बँक तुमच्याही दारात येईल, सिबिल तुमचंही बिघडेल, आणि घर मात्र तुमचं नसेल. तुम्हाला कर्जातून वगळल्याचं बँकेचं पत्र आधी येणार का, याबद्दल मसुद्यात एक ओळ तरी आहे का? तुमचा वकील पहिल्यांदा हेच विचारेल.

आता नोटरीचं. 1908 च्या नोंदणी कायद्यानुसार फ्लॅटमधला हिस्सा सोडायचा तर दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो. नुसत्या नोटरीने तो सुटत नाही. पोटगीचंही तसंच. एका बाईने कोर्टातल्या तडजोडीत 8,000 रुपये एकरकमी घेऊन पुढे काही मागणार नाही असं लिहून दिलं होतं. तरीही तिला पोटगी मागता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये दिला. पण ‘कागद टिकणारच नाही, मग करून टाकू सही’ असं कृपा करून मनात आणू नका. तो टिकत नाही हे सिद्ध करायला वर्षानुवर्षं तारखा पडतात, आणि तोवर तुमची सही तुमच्याच तोंडावर फेकली जाते.

मिस्टरांना शांतपणे सांगा, ‘मला वेगळा वकील असला तर दबावाखाली सही केली असं उद्या कुणाला म्हणता येणार नाही. तुमच्याही फायद्याचंच आहे.’ हे खरंही आहे. 1872 च्या करार कायद्याप्रमाणे गैरवाजवी दबावाखाली झालेला करार रद्द होऊ शकतो, आणि बायकोला सल्ला घेऊच दिला नाही ही गोष्ट कोर्टात त्यांनाच जड जाईल.

फीची काळजी असेल तर नाशिकच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. 1987 च्या कायद्याने कोणत्याही स्त्रीला तिथे मोफत वकील मिळू शकतो. तुम्हाला पगार आहे म्हणून नाही म्हणणार नाहीत. 15100 वर फोन केलात तरी चालेल. जाताना कुणाला बरोबर नेऊ नका, अगदी भावालाही नाही. मनातलं सगळं मोकळेपणाने बोलता आलं पाहिजे. फ्लॅटचं इंडेक्स टू (म्हणजे खरेदीच्या नोंदणीचा उतारा), कर्जाचं मंजुरीपत्र आणि तुमच्या खात्यातून गेलेल्या हप्त्यांचं स्टेटमेंट एवढं घ्या.

आणि करारनाम्याची प्रत. ती आज रात्रीच मागा. वाचायला वेळ हवाय, एवढंच म्हणा. त्यांनी ती दिली की नाही, ते मला नक्की कळवा.