पडल्यानंतरचे उठणे

नेरुळ, रविवार सकाळ

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद.

तुझा लेख परवा मिळाला आणि मी तो दोनदा वाचला. लहानपणी ज्या मारधाडीच्या कार्टून मालिकांसाठी तू शाळेतून धावत घरी यायचास, त्या आता पंचविशीत पुन्हा पाहून तू प्रत्येकीला दहापैकी गुण दिले आहेस आणि बहुतेकींच्या वाट्याला चार किंवा पाचच आले आहेत. शेवटी तू लिहितोस की आपल्या आठवणी खोट्या निघाल्याचे तुला वाईट वाटले. ते वाईट वाटणे मला अगदी खरे वाटले, आणि म्हणूनच तो गुणांचा तक्ता मला पटला नाही. ज्या गोष्टीवर आपण मनापासून प्रेम केले, ती का फिकी पडली हे शोधायला वेळ द्यावा लागतो. आकडा लिहून टाकला की तो शोध तिथेच थांबतो.

आधी पाहण्याच्या पद्धतीविषयी लिहितो. ‘ही-मॅन’मधली पात्रे बसकी आणि जाडजूड दिसतात, असे तू लिहिले आहेस. ती तशी काढलेली नाहीत. त्या काळातल्या मालिका चारास तीन या प्रमाणाच्या, जवळजवळ चौकोनी पडद्यासाठी काढल्या जात, आणि तुमच्या ठाण्याच्या घरातला रुंद टीव्ही ते चित्र दोन्ही बाजूंनी ताणून पडदा भरून टाकतो. काही ठिकाणी चित्र ताणत नाहीत, पण वरखाली कापतात, आणि मग उगारलेल्या तलवारीचे टोक पडद्याबाहेर जाते. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन मूळ प्रमाण लाव, बाजूच्या काळ्या पट्ट्या राहू देत. दुसरे म्हणजे, तू एका शनिवारी ओळीने नऊ भाग पाहिलेस. ‘ही-मॅन’चा एक हंगाम ६५ भागांचा होता, म्हणजे आठवड्याचे पाच दिवस धरून बरोबर १३ आठवडे. दिवसाला एक भाग, मध्ये शाळा, खेळ आणि झोप, अशा हिशेबाने ज्याची पुनरावृत्ती सुसह्य होती, ते नऊ भाग सलग पाहिल्यावर टोचणारच. रोज एकच भाग पाहा, आणि पाहताना मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेव.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो, आणि त्यासाठी मला थोडे मागे जावे लागेल. नव्वदच्या दशकात मी मुंबईतल्या एका स्टुडिओत इनबिट्वीनर म्हणून कामाला लागलो. नौपाड्यातल्या घरातून निघून, दादरला गाडी बदलून अंधेरीला जायचे आणि दिवसभर काचेखाली दिवा असलेल्या टेबलावर वाकून बसायचे. मुख्य चित्रकार हालचालीतली महत्त्वाची चित्रे काढून देई, आणि त्यांच्या मधली चित्रे आम्ही भरत असू. चार-पाच कागद बोटांच्या फटींत धरून पुढेमागे फडफडवले की हात हलताना दिसे. एकदा माझ्याकडे एक दृश्य आले. एक माणूस गच्चीवरून खाली पडतो आणि उठून पुन्हा धावू लागतो. पडण्यासाठी सहा चित्रे होती आणि उठण्यासाठी चौदा. तो आधी तळहात टेकतो, मग एक गुडघा ओढून घेतो, मान मात्र खालीच राहते, आणि सगळ्यात शेवटी पाठ सरळ होते. ती चौदा चित्रे मी तीन दिवस खपून काढली. चौथ्या दिवशी खर्चाचा हिशेब झाला आणि चौदापैकी अकरा चित्रे रद्द झाली. पडद्यावर तो माणूस पडला आणि पुढच्या क्षणी उभा होता. पडण्याच्या सहा चित्रांतले एकही कमी झाले नव्हते, तरी तो पडल्यासारखा वाटेना. त्याला काही लागलेच नव्हते.

तेव्हापासून मारधाडीची कोणतीही मालिका पाहताना मी ठोसा बघत नाही, ठोसा खाल्लेला माणूस उठतो कसा ते बघतो. पैसा कमी पडला की सर्वांत आधी उठणेच कापले जाते, कारण त्याने कथा पुढे सरकत नाही. आणि मालिकेला आपल्या पात्रांची खरोखर काळजी होती की नाही, हेही उठण्यातच कळते. तुझ्या यादीतल्या मालिका याच नजरेने पुन्हा पाहा, असे मला तुला सांगायचे आहे.

‘ही-मॅन’पासूनच सुरुवात करू. मॅटेल कंपनीची खेळणी १९८२ मध्ये बाजारात आली आणि फिल्मेशन स्टुडिओची मालिका १९८३ मध्ये. दोन हंगाम मिळून १३० भाग इतक्या वेगाने काढायचे, तर तेच धावणे, तीच उडी आणि तीच उगारलेली मूठ पुन्हापुन्हा वापरणे भागच होते. तू याला आळस म्हटले आहेस. गेल्या पावसाळ्यात तू इथे आला होतास, तेव्हा आपण त्या धावण्याचा एक तुकडा फ्रेम-फ्रेम पुढे सरकवून पाहिला होता आणि प्रत्येक नव्या चित्रासाठी तू वहीच्या कोपऱ्यात पेन्सिलने एक रेघ ओढत होतास, ते आठव. फिल्मवर एका सेकंदाला २४ फ्रेम धावतात. एक चित्र दोन फ्रेम टिकवले तर सेकंदाला बारा चित्रे लागतात, तीन फ्रेम टिकवले तर आठ. टीव्हीसाठी काम करणारे हात हा हिशेब रोज करत. फिल्मेशनने खऱ्या माणसांचे चित्रीकरण करून त्यावरून रेघा गिरवल्या होत्या, म्हणून त्या धावण्यात खांद्याचे वजन आहे. एकदा नीट काढलेली गोष्ट शंभर वेळा वापरणे ही काटकसर आहे, आणि तिच्यासाठी मी या मालिकेचा एकही गुण कापणार नाही.

तिची खरी उणीव वेगळी आहे. लहान मुलांच्या कार्यक्रमात हिंसा नको, या बंधनामुळे ही-मॅन शत्रूला उचलतो आणि चिखलात फेकतो, शत्रू अंग झटकतो आणि पळतो, आणि दुसऱ्या दिवशी सगळे जिथल्या तिथे असते. कुणाचे काहीच जात नाही. याच मालिकेत एक भाग मात्र असा आहे की ही-मॅनची सोबतीण टीला आपली आई कोण हे शोधायला निघते, जादूगारीण हीच आपली आई असल्याचे तिला कळते, आणि ते गुपित सुरक्षित राहावे म्हणून ती आठवणच तिच्याकडून काढून घेतली जाते. आई समोर उभी आहे आणि मुलीला ते ठाऊक नाही. तो भाग मी यंदा पुन्हा पाहिला आणि बराच वेळ उठलो नाही. तुझ्या लेखात त्याचा उल्लेखही नाही, कारण त्यात ठोसे फारसे नाहीत.

‘बॅटमॅन: द अ‍ॅनिमेटेड सीरिज’ला तू नऊ गुण दिलेस, पण कारण म्हणून लिहिलेस फक्त ‘डार्क आहे’. हे पुरेसे नाही. १९९२ मध्ये सुरू झालेल्या या मालिकेत पार्श्वभूमीची चित्रे काळ्या कागदावर रंगवली जात, म्हणजे अंधार आधीपासून असायचा आणि चित्रकार त्यात उजेड भरायचा. खिडकीची पिवळी चौकट, ओल्या रस्त्यावरची एखादी चमक, एवढेच रंगवायचे. हे लिही, वाचकाला दिसेल असे लिही. आणि ‘हार्ट ऑफ आइस’ हा भाग पुन्हा पाहा. मिस्टर फ्रीझ हा त्याआधी बर्फाची बंदूक घेऊन फिरणारा एक साधा खलनायक होता. पॉल डिनी या लेखकाने त्याला गोठवून ठेवलेली आजारी पत्नी दिली, काचगोळ्यातली नाचणारी बाहुली दिली, आणि या लेखनाला एमी पुरस्कार मिळाला. हाच डिनी आधी ‘ही-मॅन’साठीही लिहीत होता, हे लक्षात ठेव. माणूस तोच, पण भोवतीचे कुंपण बदलले होते.

त्या भागातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट मात्र सर्दी आहे. बर्फाच्या शत्रूशी लढणारा बॅटमॅन शिंकतो आहे, त्याचे नाक चोंदले आहे, आणि त्याच्या घरचा बटलर आल्फ्रेड त्याला कोंबडीच्या गरम सुपाचा थर्मास बळेबळे सोबत देतो. अखेरच्या झुंजीत बॅटमॅन जवळजवळ हरलेला असताना तोच थर्मास फ्रीझच्या शिरस्त्राणावर फोडतो आणि थंड काच गरम सुपाने तडकते. नायकाचे दुखणे आणि घरातल्या माणसाची माया यांतूनच विजय मिळतो. ठाण्यात तुझी आजी तापात तुला आल्याचा काढा देते, त्याहून हे वेगळे काय आहे?

याच मालिकेतला आणखी एक अभ्यास तुला देतो. ‘फीट ऑफ क्ले’ ही दोन भागांची कथा आहे. पहिल्या भागाचे अ‍ॅनिमेशन कोरियातल्या एकॉम स्टुडिओने केले आणि दुसऱ्याचे जपानमधल्या टोकियो मूव्ही शिन्शाने. कथा तीच, पात्रेही तीच. दोन्ही भाग एका संध्याकाळी ओळीने पाहा. दुसऱ्या भागाच्या शेवटी क्लेफेस हा नट स्वतःच्या जुन्या भूमिकांनी भरलेल्या पडद्यांसमोर सापडतो आणि त्याचे मातीचे शरीर एकेका चेहऱ्यात अनावरपणे बदलत जाते. तिथे प्रत्येक बदलाला चित्रे दिलेली आहेत, म्हणून वेदना दिसते. पहिला भाग दुबळा दिसला तर तो दोष लेखकावर ढकलू नकोस. ‘मालिका’ असा एकच शब्द आपण वापरतो, पण तिच्या मागे अनेक टेबले आणि अनेक हात असतात.

‘स्वॅट कॅट्स’विषयी तू फार कठोर झालास, आणि मला वाटते तुझे सर्वांत जास्त प्रेमही तिच्यावरच होते. १९९३ ची ही मालिका आपल्याकडच्या एका अख्ख्या पिढीने पाठ केली. तिचा पाया मला आजही भक्कम वाटतो. पोलीसदलातले दोन वैमानिक वरिष्ठाच्या चुकीमुळे बडतर्फ होतात, झालेले नुकसान फेडण्यासाठी त्यांना भंगाराच्या आवारात राबावे लागते, आणि त्याच भंगारातून ते आपले लढाऊ विमान उभे करतात. पडल्यानंतरचे उठणे म्हणतो ते हेच. तक्रार करायची तर अशी करावी की पुढच्या बहुतेक भागांत त्या कर्जाची झळ लागत नाही, विमानाला पेट्रोल आणि क्षेपणास्त्रे कशी परवडतात हे कुणी विचारत नाही, आणि पायाभरणीत रचलेला दगड भिंतीत कुठे दिसत नाही. ‘जुनाट वाटते’ या तुझ्या दोन शब्दांपेक्षा ही तक्रार त्या मालिकेचा अधिक मान राखणारी आहे.

‘ड्रॅगन बॉल झी’बाबत तुझे मत मला मान्य आहे. २९१ भागांत पडणारा प्रत्येक जण इतक्या वेळा उठतो की उठण्याला मोल उरत नाही. मूळ चित्रकथा आठवड्याला थोडीथोडी येत असल्यामुळे मालिकेला वेळ काढावा लागे, हे कारण लिही आणि पुढे जा.

‘सामुराई जॅक’वर मात्र तू थांबायला हवे होतेस. २००१ मध्ये गेंडी टार्टाकोव्हस्कीने पात्रांभोवतीची काळी बाह्यरेषाच काढून टाकली आणि रंगाचे सपाट आकार एकमेकांना भिडवले. त्यामुळे ती मालिका आजही कालपरवा काढल्यासारखी दिसते. तीन आंधळ्या तिरंदाजांचा भाग घे. इच्छा पुरी करणाऱ्या विहिरीचे हे तिघे रक्षण करतात आणि केवळ आवाजावर अचूक बाण मारतात. पहिल्या प्रयत्नात जॅक हरतो. मग बर्फात बसून, डोळ्यांवर पट्टी बांधून तो ऐकायला शिकतो. पडदा काळा होतो आणि आपणही त्याच्याबरोबर नुसते ऐकू लागतो. काळ्या पडद्याला एकही चित्र लागत नाही. जिथे पैसा सर्वांत कमी खर्च झाला, तिथेच मालिका सर्वांत श्रीमंत झाली. शेवटी विहीर समोर असते, भविष्यकाळात फेकल्या गेलेल्या जॅकला आपल्या काळात घरी परतण्याची इच्छा मागता येणार असते, आणि ती विहीरच शापाचे मूळ आहे हे कळल्यावर जॅक ती नष्ट करतो. जिंकूनही तो घरी जाऊ शकत नाही. हा भाग पाहताना आवाज मोठा ठेव आणि खिडक्या बंद कर, नाहीतर घोडबंदर रोडच्या रहदारीत बर्फाचा आवाज तुला ऐकू यायचा नाही.

एका बाबतीत तू फार मवाळ झालास, आणि तिथे मी तुला अडवणार आहे. १९६४ च्या ‘जॉनी क्वेस्ट’मधल्या हाजीविषयी तू ‘त्या काळी असेच चालायचे’ एवढे लिहून सोडून दिलेस. कलकत्त्याचा हा अनाथ मुलगा डॉक्टर क्वेस्ट यांचा जीव वाचवतो आणि त्यांच्या घरातला होतो. इतके मोठे काम करणाऱ्या मुलाला डोक्यावर फेटा आणि तोंडी जादूचा मंत्र देऊन गारुडी करून टाकले आहे. हे पैशाच्या कमतरतेमुळे घडलेले नाही. कागद, शाई, वेळ यांतले काहीच अधिक लागणार नव्हते, फक्त त्या मुलाकडे माणूस म्हणून पाहायचे होते. त्याच मालिकेतल्या गडद सावल्या आणि साहसी चित्रकथेसारखी दृश्यरचना आजही शिकण्याजोगी आहे. दोन्ही गोष्टी लिही, शेजारी शेजारी लिही, आणि एकीने दुसरी धुऊन काढू नकोस. आपण भारतीय प्रेक्षक आहोत. हाजीविषयी आपण बोललो नाही, तर दुसऱ्या कुणी बोलावे अशी अपेक्षा कशी धरायची?

जाता जाता भाषेविषयी. दूरदर्शनवरचा मोगली तुझ्या वडिलांनी तुला दाखवला, असे तू लिहिले आहेस. ती मालिका जपानच्या निप्पॉन अ‍ॅनिमेशनची, १९८९-९० मधली, ५२ भागांची. पण तुझ्या वडिलांच्या कानात जे उरले आहे ते गुलजारांचे शब्द, विशाल भारद्वाजांची चाल आणि शेरखानच्या तोंडून येणारा आपल्या नाना पाटेकरांचा आवाज. मूळ जपानी पाहून ‘पूर्वीसारखी मजा नाही’ असे लिहिणे म्हणजे एका घरच्या जेवणाची चव दुसऱ्या घरी शोधणे आहे. कोणती आवृत्ती पाहिली हे प्रत्येक मालिकेच्या सुरुवातीला स्पष्ट लिहीत जा. हिंदी डबिंग हेही स्वतंत्र काम आहे आणि त्याचा विचार स्वतंत्रपणे कर.

लेख पुन्हा लिही, पण लगेच नको. पुढचे तीन आठवडे रोज एक भाग पाहा आणि त्यानंतर एकच प्रसंग निवडून त्याविषयी पानभर लिही. कोण पडला, किती वेळ खाली राहिला, आधी हात टेकला की गुडघा, आणि उठल्यावर त्याचे काय कमी झाले होते. त्यानंतरच्या रविवारी ठाण्याहून ट्रान्स हार्बरची सकाळची गाडी पकड. मी नेरुळ स्टेशनच्या पूर्वेकडच्या जिन्यापाशी येईन. ‘फीट ऑफ क्ले’चे दोन्ही भाग पाहून ये, आणि रेघा ओढलेली ती वही सोबत आण. माझ्या कपाटात त्या उठणाऱ्या माणसाची रद्द झालेली अकरा चित्रे अजून आहेत. कागद पिवळे पडले आहेत, पण ते टेबलावर एकावर एक नेमके बसवण्यासाठी पाडलेली भोके शाबूत आहेत. ती तुझ्या हातात देईन, बोटांत धरून फडफडवून बघ.

तुझा,
नेरुळचा काका