नुकताच बाप्तिस्मा घेतलेल्या भावास
बाप्तिस्मा झाला म्हणून लगेच गाडीवर क्रूस नि स्टेटसला रोज वचन लावायची घाई करू नकोस. आधी घरातलं बघ. थोरल्या भावाशी अबोला आहे ना? बायबलमधलं मत्तय 5:23-24 सरळ सांगतं: अर्पण वेदीपुढेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. म्हणजे रविवारच्या उपासनेआधी शनिवारी त्याला फोन. तो तोडून बोलेल. ऐकून घे, जुना हिशेब काढू नकोस.

दुकानातला काटा बरोबर ठेव. लेंतात, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या काळात, उपास धरलास तर चेहरा पाडून फिरू नकोस. डोक्याला तेल लाव, तोंड धू, असं मत्तयच्याच सहाव्या अध्यायात चक्क लिहिलंय. घरच्या कार्यात पूजेला बसणार नसशील, तरी पंगत वाढायला जा. आमच्यातलेही काही नाक मुरडतात यावर. मुरडू देत.